तपासता ठीक आढळले

३ जानेवारी, शनिवार

फोनवर चौथ्यांदा दाबलं तरी काही होईना. दाबायचं ते बटणच दिसत नव्हतं. गोळी जिभेवर विरघळून कडू झाली. लिफ्ट तळमजल्याला लागली, दार उघडलं, समोर दुसऱ्या मजल्यावरच्या रेड्डीबाई दुधाची पिशवी घेऊन उभ्या. मी वाकड्या तोंडाने नमस्कार केला. त्यांना काय वाटलं असेल ते असो.

घरी आल्यावर सुनेला सांगितलं, तुझं ॲप चालत नाही.

दीपमाला म्हणाली, "मामा, चालत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे चालत नाही."

"उघडत नाही? मधेच बंद पडतं? बेल वाजत नाही?"

"बेल छान वाजते."

तिने माझा फोन घेतला, शेजारी स्वतःचा ठेवला. गोळीची वेळ झाली की बेल वाजते, गोळी घेतली की 'घेतली' असं हिरवं बटण दाबायचं, एवढंच तिचं ॲप करतं. तिच्या फोनवर बटण होतं. माझ्या फोनवर नव्हतं.

"माझ्याकडे तर बरोबर आहे," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. तिच्या धंद्यात हे सगळ्यात वाईट वाक्य समजतात म्हणे.

४ जानेवारी

तोंडी नको, लिहून द्या, असं तिचं म्हणणं. तिची एक यादी आहे. ज्याला जो दोष सापडेल तो यादीत चढतो, दुरुस्त झाला की बंद होतो.

मी इंग्रजीत लिहायला घेतलं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात सदतीस वर्षं तेच केलं. तिने दोन ओळी वाचल्या. "मामा, हे इंग्रजी फक्त रेल्वेला कळतं. मराठीत लिहा." तिचं शिक्षण इथंच, सिकंदराबादला झालं, तेलुगू आणि इंग्रजीत. मराठी बोलते, पण वाचताना अक्षरावर बोट ठेवते. मी म्हटलं, तुलाच त्रास. ती म्हणाली, हळू वाचलं की नीट वाचलं जातं.

दुपारी वहीत लिहून दिलं:

"ॲप फार सुंदर झाले आहे. आपण व श्री. हर्षद यांनी घेतलेले कष्ट जागोजाग दिसतात. एक लहानशी अडचण, जी माझ्या वयामुळेही असू शकेल, नमूद करतो. बटण कधीकधी सापडत नाही. सवडीने पाहावे."

तिने बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं.

"सून चांगली आहे, एवढं कळलं. बटणाचं काय झालं ते कुठंय?"

६ जानेवारी

सकाळी तिने तीन प्रश्न लिहून दिले. काय केलं? काय व्हायला हवं होतं? काय झालं? खाली बारीक अक्षरात: कधी, कुठे, कोणता फोन, दर वेळी होतं की कधीमधी.

मी म्हटलं, हे तर आमचं फेल्युअर रजिस्टर. सिग्नल बिघडला की स्टेशन मास्तर मेमो देतो. वेळ, जागा, कोणता सिग्नल, दिवा विझला की लाल अडकला. आम्ही जायचं, दुरुस्त करायचं, कारण लिहायचं, दोघांनी सही करायची.

"आणि तुम्ही पोचलात आणि सगळं बरोबर चालत असलं तर?"

"मग लिहायचं, तपासता ठीक आढळले."

"ते चांगलं ना?"

"ते सगळ्यात वाईट. दोष गेलेला नसतो, दडलेला असतो. पुढची गाडी जाईपर्यंत जिवाला चैन नसते."

तिने फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं. माझ्या मुलाला, अमरदीपला, निरोप पाठवायचा राहिला असेल.

दुपारी पुन्हा लिहिलं:

"फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठ्या टप्प्यावर ठेवलेली आहेत. ७.३० ची बेल वाजली. गोळीचं नाव दिसलं, डॉक्टरांची सूचना दिसली. त्याखाली 'घेतली' हे बटण यायला हवं होतं. आलं नाही. पान सरकत नाही. अक्षरं एक टप्पा लहान केली, बटण आलं. मोठी केली, गेलं. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तेच."

ती वाचता वाचता उठली आणि हर्षदला फोन लावला. ताटातला भात तसाच राहिला.

८ जानेवारी

बटण आलं. मोठ्या अक्षरांतही येतं.

हर्षद घरी आला होता. दीपमालाचा भागीदार, तिच्याच वयाचा. मराठी घरातला, पण तोंडात इथली दखनी हिंदी. "अंकल, आपका रिपोर्ट आया तो मैं पहले वोच खोलता. बाकी लोगां क्या लिखते मालूम? चलता नै. बस."

मुलगा वळणाचा आहे. मोठ्या माणसाला बरं वाटेल असं बोलतो.

माझा सहा तारखेचा कागद दीपमालाने कामाच्या टेबलावर भिंतीला चिकटवलाय. माझी ही गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून सून मला कशात ना कशात गुंतवून ठेवते. आधी गच्चीतल्या कुंड्या दिल्या. मग सोसायटीच्या पाण्याचं वेळापत्रक. आता हे. मी ओळखून आहे. तिची माया आहे, म्हणून मीही मन लावून करतो.

१० जानेवारी, शनिवार

इथे खरं लिहायला हरकत नाही.

माझी साखरेची गोळी साडेसातची. गोळीनंतर अर्ध्या तासात नाश्ता, असं डॉक्टरांनी सांगितलंय. टेबलाशी गोळी घेतली तर दीपमालाच्या देखत नाचणीची आंबील प्यावी लागते. म्हणून मी गोळी खिशात टाकतो, "फिरून येऊन खातो" म्हणतो, लिफ्टमध्ये गोळी तोंडात टाकतो आणि तिथेच बटण दाबतो. मग कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जातो. हिम्मतराव आधीच येऊन बसलेला असतो. चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं. घरी परतल्यावर आंबीलही पितो, त्यामुळे फसवणूक अर्धीच होते.

हिम्मतराव माझ्यासारखाच मराठवाड्याकडचा, निवृत्त स्टेशन मास्तर. त्यालाही साखर आहे, त्यालाही बिस्किटं बंद आहेत.

"जय भीम, तातेराव."

"राम राम, मास्तर."

चाळीस वर्षं हे असंच. त्याने माझं म्हणायचं, मी त्याचं.

आज चहा येतो तोच माझ्या खिशात बेल वाजली. पाहिलं तर साडेसातचीच गोळी. घेतली का, म्हणून विचारतंय.

"काय रे, घेतली नाहीस?"

"घेतली. उगाच वाजतंय."

"बेल उगाच वाजत नसते, तात्या."

मी बंद केली. घरी येऊन रिपोर्ट लिहिला:

"७.३४ ला गोळी घेतली, बटण दाबलं, ते दाबलं गेल्याचं दिसलं. पुन्हा बेल वाजायला नको होती. ७.५२ ला त्याच गोळीची बेल वाजली. आज पहिल्यांदाच."

'कुठे' या प्रश्नापुढे 'घरी' लिहिलं. लिफ्ट घरचीच म्हणायची.

१२ जानेवारी

काल आणि आज दीपमालाने साडेसातला दोन्ही फोन घेऊन टेबलाशी बसून पाहिलं. मलाही तिथेच गोळी घ्यावी लागली. आठ वाजले, बेल पुन्हा वाजली नाही. दोन दिवस बिस्किटं बुडाली. हिम्मतरावने फोन करून विचारलं, मेलास की काय.

"मामा, त्या दिवशी आणखी काही वेगळं होतं का?"

"काही नाही."

"आठवून बघा."

मी आठवल्यासारखं केलं.

१४ जानेवारी

काल ७.५१ ला वाजली. आज ७.५३ ला. दोन्ही वेळा इराण्याकडे. गच्चीवर पतंगवाल्या पोरांचा इतका दंगा आहे की दुसरं काही ऐकू येत नाही, पण खिशातली ती बेल ऐकू येते.

अजून रिपोर्ट दिलेला नाही. उद्या देतो.

१५ जानेवारी

दिला नाही.

सकाळी दीपमाला फार खुशीत होती. एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं अठ्ठावीस तारखेला येणार आहेत. पसंत पडलं तर त्यांच्या चारशे पेशंटांच्या फोनवर हे ॲप जाईल. नाही पडलं तर हे बंद. मार्चपासून बेंगळुरूला नोकरी, तसं तिने त्या कंपनीला कळवून ठेवलंय. नोकरी सोडून तिला आठ महिने झाले. ती वाळलीय.

"त्यांना आपली यादीही बघायचीय," ती म्हणाली. "किती दोष सापडले, किती बंद झाले, किती उघडे आहेत."

"उघडे असले तर?"

"असले तरी चालतं. आपल्याला माहीत असले पाहिजेत."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. कुठला तपासणारा उघड्या दोषांवर खूश होतो? मी सदतीस वर्षं तपासण्या पाहिल्यात.

मग तिने विचारलं, "ती दुसरी बेल पुन्हा झाली का?"

यादीत तेवढा एकच दोष उघडा होता.

मी म्हटलं, "नाही. ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिने बंद केला. खाली मराठीत, एकेक अक्षर शोधून, टाइप केलं: 'तपासता ठीक आढळले'. मला दाखवलं. तिला तो शब्दप्रयोग आवडलाय.

जिवाला लागलं, पण तोटा कुणाचा? गोळी घेतली की नाही हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. बेल वाजली तर बंद करावी.

एक जुनी गोष्ट लिहून ठेवतो. एका लहान स्टेशनात हिम्मतराव ड्युटीवर होता. पाऊस होता आणि रुळावर गाडी आहे की नाही हे सांगणारं सर्किट सारखं लागत होतं, सुटत होतं. मेमो दिला असता तर गाडी थांबल्याचा ठपका त्याच्यावर, बिघाडाचा माझ्यावर. त्याचं प्रमोशन तोंडावर होतं. मी अकरा मिनिटांत वायर नीट केली. दोघांपैकी कुणी कागदावर घेतलं नाही. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

१८ जानेवारी

परवा हिम्मतरावच्या फोनवर ॲप घातलं. दीपमालाला आणखी एक वापरणारा हवा होता. त्याची गोळी संध्याकाळी साडेसहाची. तळमजल्याचं घर, व्हरांड्यात खुर्ची. बेल वाजली, त्याने गोळी घेतली, बटण दाबलं. पुन्हा वाजली नाही. माझ्याच फोनमध्ये काही खोट असणार.

सावित्रीवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे बरं केलंत. माझं ऐकत नव्हते, बेलचं ऐकतात. काल हातातला घास खाली ठेवून उठले."

"पस्तीस वर्षं बेल ऐकली," हिम्मतराव म्हणाला. "बेल झाली की हात आधी उठतो. विचार मागून येतो."

"घरच्या कामाला कधी हात उठला नाही तो?"

"तू बेल कुठं वाजवलीस? तू एकदम गाडीच सोडतेस."

वहिनींनी त्याला चहा बिनसाखरेचा दिला, मला साखरेचा. मग लक्षात येऊन माझाही परत नेला.

२१ जानेवारी

अमरदीपचा पुण्याहून फोन. तो म्हणतो, दीपाचं हे जमलं नाही तर ती बेंगळुरूला जाईल, मग बाबा, तुम्ही माझ्याकडे या. मी म्हटलं, बघू. पुण्याला त्याची एक खोली आहे. इथली खिडकी, इराणी, हिम्मतराव हे तिथं नाही. पण मी माझ्यासाठी गप्प बसलोय असं नाही. तिच्यासाठीच बसलोय. निदान बरंचसं.

आज ७.५२.

२५ जानेवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

हिम्मतराव, वहिनी आणि मी पाच वाजता नामपल्लीला नुमाइश, ते मोठं प्रदर्शन, बघायला गेलो. दर वर्षी जातो. रविवार, त्यात उद्याची सुट्टी, त्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनींना चादरी बघायच्या होत्या. हिम्मतराव म्हणाला, मी इथं कट्ट्यावर बसतो, तुम्ही या. साडेसहाच्या सुमाराला आम्ही त्याला तिथे सोडलं. गोळ्यांची डबी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती.

आम्ही सातनंतर परत आलो. तो बरा होता. मग तिघं हिंडलो. गोळीनंतर जेवायचं असतं, पण वहिनी म्हणाल्या, आणखी एकच दुकान. त्या एकाची चार झाली.

आठ वाजून पाच मिनिटांनी तो चालता चालता थांबला. घामाने सदरा ओला. हात थरथरत होता. वहिनींचं नाव घ्यायला गेला आणि त्यांना ताई म्हणाला, त्याच्या बहिणीला म्हणायचा तसं. मी त्याला धरून खाली बसवलं. एका मिठाईवाल्याने दुकानातून उडी मारून त्याच्या तोंडात जिलबीचा पाक घातला. "चाचा, निगलो, निगलो." मैदानावरच्या प्रथमोपचार केंद्रात साखर बघितली. चौपन्न.

ग्लुकोज दिल्यावर वीसेक मिनिटांत तो माणसात आला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी किती घेतली?

"दोन," तो म्हणाला.

"एक सांगितलीय ना?"

"बेल दोनदा वाजली. साडेसहाला वाजली, घेतली. सात वाजायच्या आत पुन्हा वाजली, पुन्हा घेतली."

वहिनी म्हणाल्या, "अहो, एकदा घेतलेली आठवत नाही?"

"आठवत होती. पण बेल वाजली ना."

वहिनी औषधाची चिठ्ठी घ्यायला बाहेर गेल्या. तो पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होता.

"तुझी पण दोनदा वाजायची."

"हो."

"कागदावर घेतलं होतंस ना?"

उत्तराची वाट न बघता त्याने तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाला, "त्या पावसात रिकामी मालगाडी होती, तात्या."

नऊ वाजता डॉक्टरीणबाईंनी घरी सोडलं. रात्री खाऊन झोपायचं आणि साखर दोनदा बघायची. वहिनी बघणार आहेत. मी थांबतो म्हटलं. हिम्मतराव म्हणाला, "तू घरी जा. तुला काम आहे."

दीपमाला जागी होती. मी फक्त एवढंच सांगितलं की हिम्मतरावची साखर उतरली होती, आता बरा आहे.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी वहिनींचा फोन. हिम्मतराव बरा आहे, इडली खाल्ली, टीव्हीवर परेड बघतोय.

मी नऊला लिहायला बसलो. पहिला कागद फाडला, त्यात क्षमा फार होती. दुसराही फाडला, त्यात रेल्वे आली होती. तिसरा इथे उतरवून ठेवतो.

"दोष: गोळी घेतल्याची नोंद केल्यावरही त्याच गोळीची बेल पुन्हा वाजते.

माझा फोन. तारखा १०, १३, १४, १६, १७, १९, २१, २३, २४ जानेवारी. पहिली नोंद ७.३३ ते ७.३५ च्या दरम्यान, दुसरी बेल ७.५१ ते ७.५३ च्या दरम्यान.

काय केलं: नाश्ता न करता घराबाहेर पडलो. लिफ्टमध्ये, दुसरा आणि पहिला मजला यांच्या मधे, गोळी तोंडात टाकली आणि बटण दाबलं. टेबलाशी गोळी घेतली त्या दिवशी हे एकदाही झालं नाही.

हिम्मतरावांचा फोन. २५ जानेवारी, नुमाइशचं मैदान, फार गर्दी. ६.३१ ला गोळी व नोंद. ६.५० ला पुन्हा बेल. त्यांनी दुसरी गोळी घेतली. ८.०५ ला घाम, थरथर, बोलण्यात चूक. साखर ५४. त्यांच्या घरी व्हरांड्यात हे कधी झालं नाही.

दहा तारखेच्या रिपोर्टात 'कुठे' या प्रश्नाला मी 'घरी' असं उत्तर दिलं. ते खोटं आहे. पंधरा तारखेला दोष पुन्हा आला नाही असं तोंडी सांगितलं. तेही खोटं आहे, त्याआधी दोनदा आला होता. कारण: यादीत उघडा दोष दिसू नये. दुसरं कारण: बिस्किटं.

कृपया हा दोष पुन्हा उघडावा."

दीपमाला कामाच्या टेबलाशी होती. वही तिच्यापुढे ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. 'लिफ्ट'वर बोट थांबलं. पुढे गेलं. '५४'वर थांबलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्यावर तिने वही मिटली नाही.

"काका आत्ता कसे आहेत?"

"बरे आहेत. परेड बघतायत."

"तुम्ही स्वतः बघितलं, का फोनवर?"

"फोनवर."

तिने वहिनींना फोन लावला, सकाळची साखर किती ते विचारलं, लिहून घेतलं. एकशे अठरा. ॲप बंद ठेवा, उद्यापर्यंत गोळी वहिनींच्याच हातून, असं सांगितलं. मग फोन खाली ठेवून बसून राहिली. तिचे डोळे भरले होते. मी गॅलरीकडे बघितलं.

"पंधरा तारखेला हर्षद म्हणत होता, आणखी दोन दिवस शोधू. मी म्हटलं, नको. मामा नाही म्हणालेत."

"माझ्या एका शब्दावर?"

"मग कुणाच्या?"

मी म्हटलं, "मला वाटलं, माझा वेळ जावा म्हणून तू हे मला दिलंयस."

तिने भिंतीवरच्या माझ्या कागदाकडे बोट केलं.

"मामा, कुंड्या दिल्या होत्या त्या वेळ जावा म्हणून. हे नाही."

ती उठली, तोंड धुऊन आली आणि हर्षदला फोन लावला. मी आत जायला निघालो तर हाताने थांबवलं. त्याला रिपोर्ट वाचून दाखवला. तो पलीकडून एवढंच म्हणाला, "लिफ्ट में? हौला है क्या मैं, लिफ्ट में देखाच नै." हौला म्हणजे इकडे वेडा.

मग तिने मला सांगितलं. लिफ्टमध्ये नेटवर्क नसतं. नुमाइशमध्ये गर्दीमुळे मधेमधे जातं. त्या वेळी बटण दाबलं तर 'घेतली' हे फोनच्या पोटातच राहतं, तिच्याकडच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. नेटवर्क आल्यावर ते पुन्हा पाठवायला हवं. ते पाठवलं जात नसावं. "मग आमची बाजू समजते, यांनी घेतलीच नाही. आणि पुन्हा बेल देते."

"म्हणजे गाडी पोचली, पण पोचल्याचा निरोप मागच्या स्टेशनला गेलाच नाही."

"तसंच. पण हे माझं अनुमान. उद्या साडेसातला बघायचं. तुमचाच फोन, तुमचीच लिफ्ट."

"अठ्ठावीस तारखेचं काय?"

"ते उद्या. आधी हे."

"आणि बेंगळुरू?"

"मामा, एका वेळी एक दोष."

जेवताना ताक वाढत ती म्हणाली, "किती बिस्किटं?"

"दोन."

"रोज?"

"रविवारी तीन."

"हेही लिहा," ती म्हणाली. ती हसली नाही, पण ताक पुन्हा वाढलं.

संध्याकाळी हिम्मतरावकडे गेलो. त्याला रिपोर्ट दाखवला. त्याने चष्मा लावून दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं आणि माझ्या सहीच्या शेजारी त्याची सही केली, वेळ घातली.

२७ जानेवारी

सकाळी ७.३४ ला दीपमाला माझा फोन घेऊन लिफ्टमध्ये चढली. दुसरा आणि पहिला मजला यांच्या मधे तिने बटण दाबलं. आम्ही खालच्या बाकावर बसलो. ७.५३ ला बेल वाजली. तिने वेळ लिहून घेतली. साडेदहाला तिने हॉस्पिटलला फोन केला आणि तारीख पुढे मागितली. त्यांनी कारण विचारलं. तिने वही उघडली आणि माझा रिपोर्ट तेलुगूत करून वाचून दाखवला. सगळा, बिस्किटांसकट.